गार्डाचा कोट

हँगर पुन्हा मोडला आणि रेल्वेचा जाड लोकरी कोट धपकन खाली पडला. तेव्हापासून हरिदासरावांनी बूट चढवून घरभर येरझाऱ्या सुरू केल्या होत्या.

“दाराची कडी काढ. होटगीला ड्यूटी हाय, गाडी चुकंल माझी.”

मनकर्णाबाई दोन हँगर जोडीनं धरून घाईघाईनं सुतळी आवळत होत्या. गाठ बसत नव्हती.

“आई, अण्णा रिटायर होऊन किती वर्षं झाली!” सून म्हणाली. “सोलापूरच्या उन्हाळ्यात कशाला तो कोट? ट्रंकेत टाका की.”

मनकर्णाबाईंनी दातानं गाठ ओढली आणि कोट खुंटीला टांगला.

हरिदासराव थबकले. टांगलेल्या कोटाकडे बघत खुर्चीत टेकले, बुटांच्या लेस सोडू लागले.

“आलो गं ड्यूटीवरून. चहा टाक.”