झोत का फाकत नाही

भावनानं बटण दाबलं आणि वर लोक "अरे वा" म्हणाले. तिला काहीच दिसलं नाही. ती टेबलाखाली बसली होती आणि चादर पार जमिनीपर्यंत लोंबत होती.

वर थर्माकोलची दीर्घिका होती, ताऱ्यांनी भरलेली तबकडीच म्हणा, आणि तिच्या मधोमध लोखंडाचा कीस काट्यासारखा ताठ उभा. खऱ्या दीर्घिकेच्या पोटातल्या कृष्णविवराजवळून असाच झोत सुटतो आणि लाखो प्रकाशवर्षं सरळ जातो. कीस बाबांनी उरला वसाहतीतल्या कारखान्यातून आणला होता. त्याला उभं धरणाऱ्या, टेबलाखालच्या विद्युतचुंबकाच्या बोल्टवर तांब्याची तार मात्र भावनानंच गुंडाळली, बोटं सोलेपर्यंत. तार भारी तापायची, म्हणून कोणी आलं की बटण दाबायचं, गेलं की सोडायचं.

हिंदी बोलणारं हे राज्य नवं, राजधानी नवी, प्रदर्शनही पहिलंच. जिंकणारी मुलगी पुण्याकडच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला जाणार होती. भावना तर स्वप्नात जाऊनही आली होती. पण सकाळी दिवाकर सरांनी समजावलं की तुझ्या हिंदीत मराठी घुसते, बोलायचं काम राधिकाले करू दे. इथल्याच तेलीबांधा मोहल्ल्यातली पोट्टी, फाडफाड बोलते. अवघड प्रश्न आला की तुले बाहेर बोलावतो. तसा शब्दच दिला त्यांनी.

प्रश्न आला. हा झोत वाटेत फाकत का नाही, असं परीक्षकांनी विचारलं. राधिकानं सांगून टाकलं, ब्लॅकहोल जोरात ढकलतं, म्हणून.

चूक. साफ चूक. चुंबकीय क्षेत्र झोताभोवती वेटोळं घालतं, त्याला आवळून धरतं. भावनानं तिला हे किती वेळा समजावलं होतं. एका हातानं बटण दाबून धरत तिनं चादरीचा कोपरा उचलला, तोच सरांचा बूट आडवा आला.

"आतच राह्य," सर ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"ते चुकीचं सांगून राहिली, सर."

"सांगू दे."

भावनाची कानशिलं तापली. बरं. मी नाही, तर कोणीच नाही. आता मॉडेल बिघडलं म्हणून तरी बोलवाल ना? तिनं बटण सोडून दिलं.

वर कीस भसकन ढासळला. भावना रांगायच्या बेतात बसली, हाक येईल म्हणून.

आली ती टाळी. परीक्षकांनी बाकीच्यांना हाका मारून जवळ बोलावलं. बघा, क्षेत्र गेलं आणि झोत विस्कटला, माझ्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही, असं ते सांगत सुटले. मग त्यांनी राधिकाला विचारलं, की बेटी, हे तू मुद्दाम केलंस?

टेबलाखाली भावनानं चादरीला कान लावला.

"जी सर," राधिका म्हणाली, "यही तो दिखाना था."