तीन ठोके, मग एक

१९६३च्या जानेवारीतला तिसरा गुरुवार. संध्याकाळचे आठ वाजत आले होते आणि एनिड क्राउदर टीव्हीसमोर खुर्ची ओढून, हातात विस्तव सारायची सळई घेऊन बसली होती.

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या त्या चढावरच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नाताळात पडलेला बर्फ अजून हलला नव्हता. नळ गोठले होते, दारातल्या दुधाच्या बाटल्या तडकत होत्या, कोळशाची गाडी चढ चढत नव्हती. माणसांना उरला होता टीव्ही, आणि टीव्हीवरची गुरुवारची खुनाची मालिका. एका श्रीमंत बाईला कुणीतरी थोडं थोडं विष देत होतं. डॉक्टर, बहीण की नवरा? नोव्हेंबरपासून गल्लीत दुसरा विषय नव्हता.

एनिडची आणि शेजारच्या आयव्ही मेटकाफची भिंतीत बांधलेली शेगडी पाठीला पाठ लावून होती. मधे विटेची भिंत. चहा झाला की एकमेकींना बोलवायला दोघी सळईनं शेगडीमागच्या लोखंडी पाटीवर ठोकायच्या. गल्लीतल्या सगळ्याच बायकांची ती रीत होती. मालिका सुरू झाली तशी आयव्हीनं नवी खूण काढली. एक ठोका डॉक्टरचा, दोन बहिणीचे, तीन नवऱ्याचे.

"हरेल तिनं केक करायचा," ती म्हणाली होती. "आणि तू हरलीस तर खाण्याजोगा कर हो. मागच्यानं माझी कवळी हलली."

डिसेंबरात आयव्ही आजारी पडली. पोटात काही ठरेना. सिरिलनं, तिच्या नवऱ्यानं, तिचा पलंग खाली शेगडीजवळ आणला. नवरा असावा तर असा, असं गल्ली म्हणाली. तेव्हापासून एनिडला ती दिसली नव्हती. या गुरुवारी सकाळीही एनिड बार्लीचं सूप घेऊन गेली, तर सिरिलनं दार वीतभरच उघडलं.

"क्राउदरबाई, एवढ्या बर्फात कशाला त्रास घेतलात? द्या, मी पाजतो तिला."

"दोन मिनिटं बघून जाते की."

"डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. आणि तुम्ही दोघी भेटलात की तोंडाला कुलूप लागतंय होय!"

एनिड हसली. मग म्हणाली, "डॉक्टरांची गाडी नाही दिसली बऱ्याच दिवसांत."

"चालत येतात बिचारे. बर्फ बघताय ना?"

"मालिका तरी बघते का ती?"

"बघते तर! मी गुरुवारी क्लबात जातो तेव्हा तेवढीच सोबत असते तिला." सूप घेऊन त्यानं दार लावून घेतलं.

आठला पाच मिनिटं असताना मेटकाफांचं दार वाजलं. किल्ली फिरली. बर्फावर करकरत सिरिलचे बूट उताराला लागले. मालिका सुरू झाली. पूर्वी भिंतीतून आयव्हीच्या टीव्हीचा आवाज यायचा, एनिड करवादायची. हल्ली येत नव्हता. आजारी माणूस, आवाज बारीक ठेवत असेल.

साडेआठला पाटी वाजली. एक. बऱ्याच वेळानं दुसरा. मग तिसरा, अगदी हलका.

पुन्हा नवरा! मागचे दोन गुरुवारही आयव्हीचे तीनच होते, आणि एनिडनं हट्टानं दोन ठोकून तिला चिडवलं होतं. आज मात्र पडद्यावरचा नवरा दुधाच्या पेल्यात काहीतरी ढवळत होता.

"बरं बाई, तुझंच खरं," एनिड मोठ्यानं म्हणाली, आणि तिनं खणखणीत तीन ठोके दिले.

मग एक ठोका आला. थोड्या वेळानं पुन्हा एक. पुन्हा एकच.

"आता डॉक्टर होय गं? मी कबूल केलं तर तू उलटलीस!" एनिड हसत उठली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

आयव्ही रविवारी पहाटे गेली. मंगळवारी दहन झालं. गुरुवारी एनिडनं शेवटचा भाग एकटीनं पाहिला. खून बहिणीनं केला होता. आयव्ही हरली होती, आणि केक तिनं करायचा होता. एनिड पदराआड रडावं तशी ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली.

शनिवारी टीव्ही भाड्यानं देणाऱ्या दुकानाची गाडी कशीबशी चढ चढून आली. मेटकाफांकडे कुणी दार उघडेना, तेव्हा माणसानं एनिडचं दार वाजवलं.

"शेजारच्यांचा टीव्ही तुमच्याकडे ठेवू का, काकू? बाईंना म्हणावं, माफ करा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला आणून दिला होता त्यांच्या यजमानांनी. बर्फापायी सुटे भागच आले नाहीत. महिनाभर आमच्याकडेच पडून होता."

एनिड पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, तिला चहा दिला आणि मालिका आपणही बघत होतो असं सांगितलं. सिरिलनं मार्चमध्ये घर विकलं. ब्रिडलिंग्टनला समुद्रकाठी त्यानं दुसरा संसार थाटला. ती बायकोही सहा वर्षांनी पोटाच्या दुखण्यानं गेली. तो स्वतः ब्याऐंशी वर्षांचा होऊन झोपेत गेला. एनिडनं शेगडी विटांनी बुजवून घेतली. ती पुष्कळ जगली आणि हिवाळ्यात टीव्हीही बघत राहिली, पण त्या भिंतीकडे पाठ करून. कारण पाटीवर काय वाजलं होतं, ते तिला आता नीट वाचता येत होतं. आधी नवरा. शेवटी डॉक्टर. आणि मधे तिचे स्वतःचे तीन खणखणीत ठोके: हो गं, कळलं.