प्रचाराचा नारळ

“तात्या, आवाज जरा मोठा काढा. मोबाइलवर थेट जातंय सगळं,” अनिल बाबल्याच्या कानाशी पुटपुटला आणि बाजूला सरला.

बाबल्या गुरवाने दोन्ही हातांत नारळ धरला होता. समोर केदारलिंग, शेजारी हात जोडून उमेदवार सर्वेशदादा, मागे देवळाच्या पायऱ्यांपर्यंत अख्खा गाव. अनिल हा सर्वेशदादाचा उजवा हात. पहिला नारळ कुठे, हार कोणाचा, घोषणा कोण देणार, सगळं तोच बघायचा. गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे घालायचं मागणं, मात्र बाबल्यानेच घालायचं होतं. या गावात दोनच गाद्या बापाकडून मुलाकडे जातात, असं लोक थट्टेने म्हणत. एक आमदारकीची, दुसरी गाऱ्हाण्याची. पहिलीवर गाड्या-बंगले, दुसरीवर फोडलेल्या नारळाचं एक कवड. सर्वेशदादाचा आजोबा आमदार झाला, मग बाप झाला, आता त्याचा नंबर. बाबल्याच्या मागे मात्र कोणी उरलं नव्हतं.

त्याचा विनीत मागच्या निवडणुकीत गेला. साहेबांचा, म्हणजे सर्वेशदादाच्या वडिलांचा, बॅनर बांधायला विजेच्या खांबावर चढला आणि तारेला चिकटला. पोलीस आले तेव्हा गावाने सांगितलं, पोरगा आपणहून चढला. बाबल्या त्या दिवशी देवरूखच्या बाजारात होता. पण गावात गोष्ट लपत नाही, ती फक्त बोलली जात नाही. कोणाचा मुलगा साहेबांच्या चिठ्ठीवर कामाला लागला होता, कोणाच्या वाडीला ओढ्यावरून जायला साकव हवा होता. बाबल्याला लोकांचा धड रागही करता येईना.

आणि गिळून बसायला त्यालाही कारण होतंच. तेराव्याला साहेबांनी घरी येऊन त्याच्या सुनेला अंगणवाडीत लावायचा शब्द दिला होता. पाच वर्षं तो शब्द शब्दच राहिला. निशिगंधा काजूच्या कारखान्यात बिया फोडून बोटं काळी करत राहिली. आता अनिलने सांगितलं होतं, ऑर्डर निघालीय, नारळ एकदा फुटला की संध्याकाळच्या सभेत दादांच्या हातून देऊ. म्हणून तर ती आज ठेवणीतली साडी नेसून बायकांत बसली होती.

“बा केदारलिंगा म्हाराजा,” बाबल्याने सुरुवात केली. “आज तुजं लेकरू सर्वेश तुज्या पायाशी नारळ ठेवतंय, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला.

गाऱ्हाण्याची चालच अशी, की शब्द कानात शिरायच्या आधी तोंडातून होकार निघतो. शेवटचा ‘म्हाराजा’ खाली उतरला की गाव म्हणणारच. बाबल्याने वाटेतली इडापिडा टाळायला सांगितलं, गाव म्हणाला. आडवा येईल त्याला बाजूला करायला सांगितलं, गाव म्हणाला. सर्वेशदादा डोळे मिटून सगळ्यांच्या वर आवाज काढत होता. निवडणूक जवळ आली की भक्तीला भरती येते.

मग अनिलने मुद्दाम घालायला लावलेलं वाक्य आलं. बापाची गादी लेकाला मिळू दे. बाबल्याची जीभ ‘लेकाला’पाशीच अडकली. आपला लेक असता तर आज इथे मागे उभा राहून हे शब्द शिकत असता, एवढंच त्याच्या मनात आलं आणि अनिलचं वाक्य त्याने तिथेच सोडून दिलं. पण चाल त्याने मोडली नाही.

“गेल्या इलेक्शनात माज्या विनीतला ह्याच लेकरान खांबावर चढवलान, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला. सगळ्यांत मोठ्याने सर्वेशदादा.

आवाज गाभाऱ्यात घुमला आणि मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. कोणी तोंडावर हात ठेवला, कोणी शेजाऱ्याकडे बघितलं. पोलिसांना कधीच न दिलेला जबाब गावाने देवासमोर देऊन टाकला होता. सर्वेशदादाने डोळे उघडले.

“तारंत करंट हाय, असं पोरगा सांगत व्हता. ह्यो म्हनला, चढ. सगल्या गावान बघितलान, म्हाराजा.”

आता मात्र कोणी काही म्हणालं नाही. या खेपेला सगळ्यांनी नीट ऐकलं होतं. माणसं आपापल्या पायांकडे बघत राहिली. मोबाइल धरणाऱ्याने मोबाइल खाली घेतला. सर्वेशदादाचे हात अजून जोडलेलेच होते, ते सोडायचे कधी हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गावाचा होकार आल्याशिवाय नारळ देवापुढे फोडता येत नाही, म्हणून बाबल्या तो धरून तसाच उभा राहिला. आपण सुनेच्या तोंडचा घास काढला, हे त्याला आता कळलं. मागे वळून तिच्याकडे बघायची छाती त्याला झाली नाही.

सगळ्यांत आधी अनिल भानावर आला. तो लगबगीने बायकांकडे गेला आणि निशिगंधाजवळ वाकला.

“वहिनी, तात्यांचं वय झालंय. चुकून बोलले म्हणा सगळ्यांसमोर, आत्ताच उठा. ऑर्डर माझ्या खिशात आहे. नाहीतर ती दुसऱ्या कोणाच्या नावाने निघेल.”

निशिगंधा उठली. पदर तिने नीट केला. अनिलकडे पाहिलं नाही, सर्वेशदादाकडेही नाही. ती बायकांतून पुढे आली, सासऱ्याच्या बाजूला उभी राहिली आणि काळी बोटं देवापुढे जोडली.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली. एकटीच.