मोडी वहीचं शेवटचं पान

"वाचा ना काका," म्हणत यशश्रीनं जुन्या वहीचं पान पुढे सरकवलं आणि भय्यासाहेबांनी ते आधी उलटं, मग सुलटं धरून पाहिलं.

आता आली का पंचाईत! गेली तीस वर्षं जबलपूरच्या मराठी घरांत मोडी म्हटलं की भय्यासाहेब. उन्हाळ्यात मोडीचा वर्गही तेच घ्यायचे. कुणाच्या पेटीत जुना कागद निघाला की तो यांच्याकडे यायचा. हे चष्मा पुसून धडाधड वाचायचे. सगळ्यांचे पणजोबा सरदार निघायचे. खरं म्हणजे भय्यासाहेबांना मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. पण पणजोबा सरदार निघाल्यावर तक्रार कोण करणार?

ही पोरगी मात्र संशोधन करत होती. पनागरच्या पुढच्या एका खेड्यातल्या जुन्या कोळशाच्या खाणी आणि कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, भट्ट्या हा तिचा विषय. अख्खी मोडी वही तिनं एकटीनं वाचून काढली होती. गाडी अडली होती ती या शेवटच्या, डाग पडलेल्या पानावर.

भय्यासाहेब खाकरले. "कोळसा, चाळीस गाड्या. कवेलू, बारा हजार."

"अगदी बरोबर! मागच्या पानांवरही असंच आहे."

बरोबर? भय्यासाहेबांना स्वतःचंच नवल वाटलं. मग काय, त्यांना चेव आला. "आणि मोठी खाण, पिंपळापासून तळ्यापर्यंत, जमिनीखालून."

"अरे बाप रे! काका, तिथं तर आता शाळा आहे!" यशश्रीनं फोन काढला. "म्हणजे खाली सगळं पोकळ. सरपंचजींना आत्ताच सांगते, उद्यापासून शाळा बंद करा म्हणून."

पिंपळ भय्यासाहेबांनी आपला तोंडाला आला म्हणून लावला होता. त्यापायी दीडशे पोरं रस्त्यावर? पण खरं बोलावं तर रविवारी मराठी मंडळात त्यांचा सत्कार. बायकोनं, विनताबाईंनी, ती बातमी पार नागपूरला माहेरी पोचवलेली. गेल्या तीस वर्षांची इज्जत! त्यांना अक्षरशः रडू आलं.

पलीकडे घंटी वाजायला लागली.

"फोन ठेव, बेटा," ते एकदम ओरडले. "खाण-बीण काही नाही तिथं. मला मोडी येतच नाही. तीस वर्षं नुसतं फेकून राहिलो मी!"

यशश्रीनं फोन बंद केला. ती उठली, आधी दाराला कडी घातली, मग खिडकी लावली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"हळू बोला, काका," ती कशीबशी म्हणाली. "आमचे सर मोडी तुमच्याच उन्हाळी वर्गात शिकले. आणि सरांकडून मी."