निम्मा उजेड

हिवाळा लागला की तिचं मन विनाकारण खचायचं. डॉक्टरांनी रोज सकाळी खिडकीत बसायला सांगितलं होतं. कारखान्यांमधला उजेड मोजणं हे तिचं कामच, म्हणून ती मीटर घेऊनच बसली. मीटर खिडकीवर ठेवलं तर आकडा पूर्ण यायचा, हातात घेतलं की निम्मा.

"तुझ्यासारखेच त्याचेही सेल उतरलेत," सोबतीला राहायला आलेली धाकटी बहीण हसली. "आण इकडे."

धाकटीच्या हातात आकडा पूर्ण आला.

आठवड्याने थोरली उठली तेव्हा मन हलकं होतं, कडकडून भूक लागली होती. मीटर हातात घेतलं, आकडा पूर्ण!

"ताई, पडदा उघड ना," खिडकीपाशी बसलेली धाकटी हळूच म्हणाली. "आज उजाडलंच नाही."

पडदा उघडाच होता. धाकटीच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन पडलं होतं.