कमलाकांतचा हातगुण

"या वेळी शेपटावर काय काढायचं?" कमलाकांतने विचारलं.

"काहीच नाही. पांढरंच राहू द्या," निमेश म्हणाला आणि स्टुलावर बसला. बसला कसला, टेकला. मुंबईहून बोईसरपर्यंत गाडी हाकत आला होता, पण थकवा त्या रस्त्याचा नव्हता. विमानं विकायला ठेवलेल्या माणसाच्या हातून वर्षानुवर्षं एकही विमान विकलं गेलं नाही, की असा थकवा येतो.

निमेशच्या कंपनीचं खरं विमान परदेशात बनायचं. लहान शहरांना जोडणारं, नव्वद आसनांचं छोटं जेट. कमलाकांत रंगवायचा ते त्याचं हातभर लांबीचं मॉडेल. बोईसरजवळच्या तारापूर एमआयडीसीतल्या मेहुलशेठच्या शेडमध्ये ते फायबरच्या साच्यातून निघायचं. मग ज्या विमान कंपनीसाठी मागवलं असेल तिचे रंग कमलाकांत त्यावर चढवायचा. एकीच्या शेपटावर निळा बगळा, दुसरीच्या केशरी सूर्य, तिसरीच्या तर अख्खा मोर. त्या मोराने त्याच्या डोळ्यांचं पाणी काढलं होतं.

काम झालं की तो मॉडेलपुढे उदबत्ती लावायचा. सौदा होऊ दे, म्हणायचा. आणि थोड्याच दिवसांत पेपरात बातमी यायची, त्या कंपनीने दुसरीच विमानं घेतली. त्याची बायको हंसा पालघरच्या बाजारात मासळी विकायची. असली गिऱ्हाइकं तिला रोजची. पापलेटाचे कल्ले उचलून बघायचे, "छान आहे हो" म्हणायचं आणि पुढच्या टोपलीकडे जायचं. विमान सगळ्यांना आवडलं. घेतलं कुणीच नाही.

कमलाकांत मूळचा सातपाटीचा, बोटी रंगवणारा. त्याने नाव लिहिलेली बोट रिकामी परतत नाही, असा त्याचा हातगुण गावात सांगायचे. शिडी चढणं गुडघ्यांना झेपेना तेव्हा तो या शेडमध्ये आला, आणि इथे तो गुण उलटा फिरला, असं त्याच्या मनाने घेतलं. मेहुलशेठने समजावून पाहिलं, "अहो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला."

"एकदा ठीक हाय, शेठ. दर टायमाला कावळा मीच?"

शेठ पुढच्या साच्याकडे वळले.

इथवर निभावलं असतं. पण त्याच्या लेकीने, हिनाने, आणि जावई दर्पणने यंदा नवी बोट बांधली. नारळी पौर्णिमा झाली की ती पाण्यात उतरायची होती. नाव बाबानेच लिहायचं, असा हिनाचा हट्ट. कमलाकांत आधी गुडघ्यांचं निमित्त सांगत राहिला. मग आज सकाळी फोनवर एकदाचं बोलून गेला, "रंगारी दुसरा बघ. माझा हात नको लागायला त्या बोटीला." हिनाने फोन ठेवून दिला. पोर रडली असणार, हे त्याला कळत होतं. पण रडलेली परवडली. त्या बोटीतून जावई समुद्रात जाणार होता.

"पांढरं कशाला, साहेब? गिऱ्हाईक नाय का कोण?"

"विमानच बंद झालं, काका. कंपनीने कारखाना गुंडाळला. हे शेवटचं मॉडेल आमच्याच ऑफिसात ठेवायला. पुढच्या महिन्यापासून मीही नाही तिथे."

कमलाकांतने ब्रश खाली ठेवला. किती दिवस मनात दाबलेलं शेवटी बाहेर आलं.

"एक बोलतो, राग मानू नका. तुमचा विमान माझ्या हातानं बुडला. मी रंग लावला नि सौदा मोडला. एक पण चुकला नाय. तुमी दुसरा माणूस ठेवला असता तर आज तुमची नोकरी गेली नसती."

हसावं की पाय धरावेत, निमेशला कळेना.

"काका, ही मॉडेलं आम्ही कधी मागवायचो, ठाऊक आहे?"

"सौद्याची बोलणी चालायची तवा."

"नाही. नकार आल्यावर. पेपरात उशिरा यायचं, आम्हाला आधीच कळायचं. मग वरचे लोक म्हणायचे, नाही तर नाही, त्यांच्या रंगातलं एक मॉडेल भेट पाठवून द्या. टेबलावर पडून राहील, कधीतरी आमची आठवण होईल."

"म्हंजे मी ब्रश हातात घ्यायच्या आधीच..."

"आधीच. प्रत्येक वेळी."

खरं तर कमलाकांतला आनंद व्हायला हवा होता. छातीवरचा धोंडा उतरला, हे खोटं नाही. पण मोरापायी घालवलेली दिवाळी त्याला आठवली. बगळ्याच्या डोळ्यातला ठिपका तीनदा पुसून चौथ्यांदा ठेवला होता, तो आठवला. त्याला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

"मग मला कोणी सांगितला का नाय?"

"सांगितलं असतं, तर असं रंगवलं असतं तुम्ही?"

कमलाकांतने पांढऱ्या विमानावरची धूळ फडक्याने पुसली, ते निमेशच्या मांडीवर ठेवलं आणि खिशातून फोन काढला.

"रंगारी मिळाला, बाबा," पलीकडून हिना फणकाऱ्याने म्हणाली. "उद्या येतो बोलला."

"त्याला नको म्हणून सांग. मी येतो."

"नि तुझा हात?"

"हाताला काय झाला नाय गो. इतकी वर्सं मेलेल्यांनाच नटवत होतो. आता एक जिती बोट रंगवू दे."