चिमूटभर मीठ
सारिकाचं गणित सुटेपर्यंत आईनं मीठ सोडलं होतं. आंबवड्याच्या घरात बसून सारिका संगणकावर एक अतिसूक्ष्म नळी मांडून, तिच्यातून मिठाचे विद्युतभारित कण पलीकडे कसे जातात ते तपासत होती. "गेले व्हय गं पल्याड?" पूजेवरून उठत आईनं विचारलं. "गेले." आईनं आमटीच्या वाटीत चिमूटभर मीठ घातलं, हात जोडले. सारिकाला पडद्याकडे बघवेना. खऱ्या आकड्यानं कण अडकलेलेच होते. सकाळी तिनं नळीच्या भिंतीवरचा भार मनानंच वाढवून त्यांना पार केलं होतं. संशोधनाच्या सरांना निकालही पाठवला होता. आईनं वाटी ओठांशी नेली. "आई, थांब." "का, मुंगी पडलीय?" "नाही गं. मी आकडा खोटा घातलाय. कण गेलेच नाहीत." आईनं वाटी खाली ठेवली आणि तिच्याकडे सरकवली. "आधी सरांना फोन कर. मग ही संपव. मला अळणीची सवय हाय."